‘टेक’ आणि ‘घेणे’ : एका इंग्रजी क्रियापदाचे अनेक अर्थ व मराठीतील त्यांचे योग्य उपयोजन

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुत घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाचे प्रमुख अर्थ स्पष्ट करता येतील.
• प्रत्येक अर्थासाठी मराठीत कोणते क्रियापद योग्य आहे, हे कारणासह सांगता येईल.
• रूढ झालेला इंग्रजी वळणाचा प्रयोग आणि अर्थ बिघडवणारा शब्दशः प्रयोग यांतील भेद ओळखता येईल.
• अर्ज, पत्र, सूचना व बातमी यांच्या लेखनात हे ज्ञान वापरता येईल.

१. प्रास्ताविक

बालाघाटच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याजवळ कपिलधार हे तीर्थक्षेत्र आहे. येथे धबधबा आहे आणि ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला येथे यात्रा भरते आणि मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून पायी दिंड्या येतात. या परिसरातील एका खेड्यातून एक विद्यार्थिनी संपर्कसत्राला येत असे. यात्रेच्या दिवसांत नारळ-प्रसादाचे दुकान सांभाळून तिने पदवीचा अभ्यास चालवला होता. एका सत्राच्या शेवटी तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. तो नोकरीसाठी केलेला अर्ज होता आणि संबंधित कार्यालयाने तो तिला परत केला होता.

अर्जात एक वाक्य होते : “मी पदवीच्या द्वितीय वर्षाची परीक्षा घेतली असून तिचा निकाल प्रथम श्रेणीत आहे.” ते वाचून तेथील लिपिकाने तिला विचारले होते, “आपण कोणत्या महाविद्यालयात शिकवता? तसे प्रमाणपत्र जोडलेले दिसत नाही.” भाच्याने अर्ज आधी इंग्रजीत तयार केला होता आणि मोबाइलवरील भाषांतराच्या सोयीने त्याचे मराठी केले होते. “सर, मी खोटे काहीच लिहिले नव्हते,” ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. खोटे पडले होते ते क्रियापद.

इंग्रजीत परीक्षार्थी परीक्षेबाबत ‘टेक’ हे क्रियापद वापरतो. कोशात ‘टेक’चा पहिला अर्थ ‘घेणे’ असा सापडतो. मात्र मराठीत परीक्षा ‘घेतो’ तो परीक्षक. विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ किंवा परीक्षेला ‘बसतो’. कोशातील पहिला अर्थ जसाच्या तसा उचलल्यामुळे एका वाक्यात विद्यार्थिनीची शिक्षिका झाली आणि प्रामाणिक अर्ज संशयास्पद ठरला. मराठीचा अभ्यास करणाऱ्याने इंग्रजी क्रियापदाकडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर या प्रसंगात आहे. आज आपल्या लेखनातील बराचसा मजकूर आधी इंग्रजीत असतो आणि मग मराठीत येतो. त्या वाटेवर सर्वाधिक घसरणारा शब्द म्हणजे क्रियापद होय.

२. दोन शब्दांची कुळे

इंग्रजीतील ‘टेक’ हा शब्द मूळ इंग्रजी नाही. तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘टाका’ या धातूपासून आला आहे. त्यापूर्वी जुन्या इंग्रजीत या अर्थाने ‘निमन’ असा शब्द होता. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘नेमेन’ आजही वापरात आहे. पुढे ‘टेक’ने ‘निमन’ची जागा घेतली. म्हणजे इंग्रजीतील हे अत्यंत सामान्य क्रियापदही परभाषेतून आलेले आहे. परकीय शब्द येणे हा भाषेचा दोष नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. आपला आक्षेप शब्दांच्या येण्यावर नसून अर्थाच्या बिघडण्यावर आहे. मराठीतील ‘टेकणे’ या क्रियापदाशी मात्र या ‘टेक’चा काहीही संबंध नाही. उच्चारातील साम्य हा केवळ योगायोग आहे.

मराठी ‘घेणे’चे नाते संस्कृतातील ‘ग्रह्’ या धातूशी सांगितले जाते. प्राकृतात ‘घेऊन’ या अर्थी ‘घेत्तूण’ असे रूप आढळते आणि मराठीतील ‘घेऊन’ त्याची सहज आठवण करून देते. ‘ग्रहण’, ‘ग्राहक’, ‘आग्रह’, ‘गृहीत’ हे आपल्या रोजच्या वापरातील शब्दही याच धातूच्या परिवारातले आहेत.

दोन्ही क्रियापदांचा मूळ अर्थ हाताने धरणे, पकडणे असा जवळजवळ समान आहे. म्हणूनच त्यांची अदलाबदल सोपी वाटते. मात्र मूळ अर्थापासून पुढे दोघांनी वेगवेगळ्या दिशांनी विस्तार केला. कोश आपल्याला दोघांच्या भेटीची जागा दाखवतो. त्यांच्या वाटा कोठे फुटतात, हे वाक्यच सांगते.

३. क्रियेची दिशा

मराठी ‘घेणे’ या क्रियापदात एक दिशा ठामपणे दडलेली आहे : वस्तू कर्त्याकडे येते. ‘देणे’मध्ये ती कर्त्याकडून दुसऱ्याकडे जाते. ‘नेणे’मध्ये कर्ता वस्तूसह बोलणाऱ्यापासून दूर जातो आणि ‘आणणे’मध्ये बोलणाऱ्याकडे येतो. इंग्रजी ‘टेक’ मात्र ‘घेणे’ आणि ‘नेणे’ या दोन्ही दिशा एकाच शब्दात सामावते.

३.१ घेणे आणि नेणे

पुढील दोन वाक्ये पाहा :

(अ) तिने मुलाला शाळेत नेले.
(आ) मुख्याध्यापकांनी मुलाला शाळेत घेतले.

पहिल्या वाक्यात मुलाला शाळेपर्यंत पोहोचवण्याची क्रिया आहे. दुसऱ्यात मुलाला प्रवेश मिळाला आहे. इंग्रजीतील ‘टेक’ने सांगितलेली पहिली क्रिया मराठीत ‘घेतले’ अशी लिहिली, तर आईने मुलाला प्रवेश दिला असा विचित्र अर्थ निघेल. बोलण्यात आपण ‘घेऊन गेली’ असेही म्हणतो. तेथे ‘जाणे’ या क्रियापदाने दिशा भरून काढलेली असते, म्हणून तो प्रयोग निर्दोष आहे.

‘नेणे’ आणि ‘आणणे’ यांतील निवड बोलणारा कोठे उभा आहे, यावर ठरते. गावात थांबलेला माणूस म्हणतो, “दिंडी कपिलधारला नेली.” कपिलधारला उभा असलेला माणूस त्याच घटनेविषयी म्हणतो, “दिंडी कपिलधारला आणली.” घटना एकच, पण पाहण्याचे स्थान वेगळे. बातमी लिहिताना आपण कोठून लिहीत आहोत, हे आधी ठरवले म्हणजे येथे चूक होत नाही.

३.२ परीक्षा घेणे, देणे आणि बसणे

परीक्षेच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी यांची दृष्टी परस्परविरुद्ध आहे. इंग्रजीत शिक्षक परीक्षा ‘देतो’ आणि विद्यार्थी ती ‘घेतो’. जणू परीक्षा ही समोर ठेवलेली प्रश्नपत्रिका आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, कारण तो आपल्या ज्ञानाचा पुरावा देतो; परीक्षक तो ‘घेतो’, म्हणजे पारखून पाहतो. ‘परीक्षा’ या शब्दाचा मूळ अर्थच बारकाईने पाहणे असा आहे. म्हणूनच ‘देवाने माझी परीक्षा घेतली’ हे वाक्य आपण सहज बोलतो आणि त्यात कर्ता देव असतो, माणूस नव्हे.

याच कारणाने काही भारतीयांच्या इंग्रजीत उलट प्रकारची चूक आढळते. मराठी किंवा हिंदी मनात ठेवून विद्यार्थी इंग्रजीत परीक्षा ‘दिली’ असे सांगतो आणि परदेशी श्रोता त्याला शिक्षक समजतो. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत घडले तेच येथे उलट्या दिशेने घडते. चूक कोणत्याही एका भाषेची नसून, एका भाषेची दिशा दुसरीवर लादण्याची आहे.

‘परीक्षेला बसणे’ हा प्रयोग मात्र ब्रिटिश इंग्रजीतील ‘सिट’ या क्रियापदाशी जुळतो. अर्जात हा प्रयोग विशेष उपयोगी पडतो, कारण त्यात घेणारा-देणारा हा प्रश्नच उद्भवत नाही : “मी द्वितीय वर्षाच्या परीक्षेस बसले असून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे.”

३.३ रक्त घेणे आणि देणे

दिशेबरोबर विभक्तीही पाहावी लागते. रुग्णालयातून नातेवाइकांना कळवायच्या पुढील तीन वाक्यांचा विचार करा :

(अ) रुग्णाचे रक्त घेतले.
(आ) रुग्णाला रक्त दिले.
(इ) रुग्णाने रक्त दिले.

पहिल्या वाक्यात तपासणीसाठी नमुना काढला आहे. दुसऱ्यात रुग्णाच्या शरीरात रक्त चढवले आहे. तिसऱ्यात रुग्ण स्वतः रक्तदाता झाला आहे. ‘चे’, ‘ला’, ‘ने’ या तीन प्रत्ययांनी तीन वेगळ्या घटना सांगितल्या. इंग्रजी वाक्यातील शब्दांचा क्रम पाहून प्रत्यय अंदाजाने लावले, तर घरी बसलेल्या माणसाला भलताच निरोप जाईल. अशा मजकुरात ‘तपासणीसाठी रक्त काढले’, ‘रक्त चढवले’ असे उघड शब्द वापरणे अधिक सुरक्षित असते.

४. करणारा की अनुभवणारा?

इंग्रजीत वेळ, श्रम आणि पैसा यांच्याबाबत ‘टेक’ वापरतात. काम वेळ ‘घेते’, प्रवास तास ‘घेतो’. मराठीत येथे क्रियापद बदलते आणि वाक्याची रचनाही बदलते :

“कपिलधारपर्यंत पायी जायला आम्हाला तीन दिवस लागले.”

येथे ‘लागणे’ हे क्रियापद आले. ज्यांना अनुभव आला ते ‘आम्ही’ चतुर्थी विभक्तीत, म्हणजे ‘आम्हाला’ या रूपात गेले आणि क्रियापद ‘तीन दिवस’ या शब्दांशी जुळले. मराठीत तहान, भूक, झोप, ठेच, वेळ, खर्च हे सारे माणसाला ‘लागते’. माणूस ते करत नाही. ते त्याच्या वाट्याला येते. इंग्रजीला कर्ता हवा असतो, तर मराठी येथे अनुभवणाऱ्याला पुढे ठेवते. ‘प्रवासाने आमचे तीन दिवस घेतले’ हे वाक्य व्याकरणाने चूक नाही. पण त्यात तक्रारीचा सूर येतो. तो सूर अभिप्रेत असेल तरच ते वापरावे.

‘वेळ घेणे’ हा प्रयोग मराठीत आहेच, परंतु त्याचे अर्थ निराळे आहेत :

• “डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे.” (भेटीची वेळ ठरवली आहे.)
• “मी आपला फार वेळ घेतला.” (दुसऱ्याच्या वेळेचा उपयोग केला, सौजन्याने व्यक्त केलेली जाणीव.)
• “थोडा वेळ घ्या आणि विचार करून सांगा.” (घाई करू नका.)

आजारपणाविषयीही हीच दक्षता घ्यावी. इंग्रजीत माणसाच्या आजारी पडण्याविषयी ‘टेक’चा वापर होतो, मराठीत माणूस आजारी ‘पडतो’, त्याला सर्दी ‘होते’, ताप ‘येतो’, थंडी ‘वाजते’. एकाच शरीराच्या चार तक्रारींना चार क्रियापदे लागतात. कोणत्याही एका क्रियापदाने त्यांची बोळवण करता येत नाही.

५. नामानुसार बदलणारे क्रियापद

विशिष्ट नामाबरोबर विशिष्ट क्रियापद येण्याच्या प्रवृत्तीला भाषाविज्ञानात शब्दांचे सहसंबंध असे म्हणता येईल. हे सहसंबंध तर्काने नव्हे, तर वहिवाटीने ठरतात. इंग्रजीत घटना ‘घडणे’ या अर्थी ‘टेक प्लेस’ हा शब्दसमूह वापरतात. त्याचे शब्दशः मराठी केल्यास ‘कपिलधारची यात्रा कार्तिक पौर्णिमेला जागा घेते’ असे वाक्य तयार होईल. मराठीत ‘जागा घेणे’ म्हणजे भूखंड विकत घेणे, आणि ‘एखाद्याची जागा घेणे’ म्हणजे त्याच्याऐवजी येणे. यात्रा यांपैकी काहीच करीत नाही. यात्रा ‘भरते’, सभा ‘होते’, विवाह ‘पार पडतो’, अपघात ‘घडतो’, निवडणूक ‘होते’ किंवा ‘घेतली जाते’.

इंग्रजी ‘टेक’ने व्यक्त होणाऱ्या काही नित्याच्या क्रिया मराठीत अशा येतात :

• छायाचित्र किंवा फोटो : काढणे
• टिपणे : काढणे, व्याख्यान ऐकताना ‘टिपून घेणे’
• स्नान : करणे, आंघोळ : करणे
• आसन : ‘बसा’, ‘बसावे’, औपचारिक प्रसंगी ‘आसन ग्रहण करावे’
• पायातील वहाणा : काढणे
• रजा : घेणे, जाताना ‘निरोप घेणे’
• शपथ : घेणे
• दखल : घेणे
• पदाचा कार्यभार : स्वीकारणे
• एखादी गोष्ट विचार न करता मान्य करणे : गृहीत धरणे
• आईवडिलांसारखे दिसणे वा वागणे : त्यांच्या वळणावर जाणे
• एखादे काम सुरू करणे : हाती घेणे
• एखाद्याची आवड जडणे : लळा लागणे, नाद लागणे

या यादीत ‘घेणे’ काही ठिकाणी येते आणि काही ठिकाणी येत नाही. म्हणजे ‘टेक’चे भाषांतर ‘घेणे’ कधीच नसते, असा उलट टोकाचा नियमही चुकीचा ठरेल. ‘आसन ग्रहण करणे’ आणि ‘गृहीत धरणे’ यांत आपल्या ‘ग्रह्’ धातूचेच दोन वंशज वेगळ्या वेशात उभे आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

६. ‘घेणे’चे स्वतःचे विश्व

आतापर्यंत आपण इंग्रजीकडून मराठीकडे पाहिले. आता उलट दिशेने पाहू. मराठी ‘घेणे’चे असे कितीतरी अर्थ आहेत, ज्यांपर्यंत ‘टेक’ पोहोचत नाही.

लग्नसमारंभात नववधूला “नाव घे” असा आग्रह होतो. येथे ‘नाव घेणे’ म्हणजे उखाण्यात पतीचे नाव गुंफून उच्चारणे. याचे शब्दशः इंग्रजी केले, तर तिने पतीचे नाव स्वतःसाठी धारण केले असा अर्थ होईल. वारकरी ‘देवाचे नाव घेतो’, तेथे अर्थ स्मरण करणे हा होतो. “त्याचे नावसुद्धा घेऊ नका” यात तोच प्रयोग रागाचे साधन बनतो. भाविक समाधीचे ‘दर्शन घेतात’. ‘दर्शन करणे’ हा हिंदी वळणाचा प्रयोगही आज कानावर येतो, परंतु मराठीची वहिवाट ‘घेणे’ हीच आहे.

“चहा घ्या” हे वाक्य तर आपल्या सौजन्याचा भाग आहे. ‘पिणे’ ही शरीराची क्रिया आहे. ‘घेणे’मध्ये यजमानाने दिलेले स्वीकारण्याचा भाव आहे. म्हणून पाहुण्याला आपण “चहा प्या” असे म्हणण्यापेक्षा “चहा घ्या” म्हणतो. जेवणाच्या बाबतीत मात्र “जेवायला बसा”, “जेवून घ्या” हे स्वाभाविक आहे आणि “जेवण घ्या” हे किंचित परके वाटते.

वाक्प्रचारांत तर ‘घेणे’ने फार मोठा संसार मांडला आहे : कानोसा घेणे, वेध घेणे, ठाव घेणे, पेट घेणे, झेप घेणे, फिरकी घेणे, घर डोक्यावर घेणे. ‘हजेरी घेणे’ म्हणजे उपस्थिती नोंदवणे आणि खरडपट्टी काढणेही. ‘मनावर घेणे’ आणि ‘मनाला लावून घेणे’ यांतील अंतर विशेष अभ्यासण्याजोगे आहे. पहिल्यात निश्चय आहे, दुसऱ्यात दुखावलेपण. “तिने शिक्षण मनावर घेतले” आणि “तिने ते बोलणे मनाला लावून घेतले” या वाक्यांत एकच क्रियापद दोन भिन्न मनःस्थिती दाखवते.

याखेरीज ‘घेणे’ हे सहायक क्रियापद म्हणूनही येते. मराठीच्या संयुक्त क्रियापदांची मांडणी मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून अनेक व्याकरणकारांनी केली आहे. पुढील वाक्ये पाहा :

(अ) मी अर्ज लिहिला.
(आ) मी अर्ज लिहून घेतला.
(इ) मी त्याला अर्ज लिहून दिला.

पहिल्यात फक्त क्रिया आहे. दुसऱ्यात क्रियेचे फळ कर्त्याकडे येते : एक तर मी माझ्यासाठी तो लिहिला किंवा दुसऱ्याकडून लिहवला. तिसऱ्यात फळ दुसऱ्याकडे जाते. म्हणजे सहायक क्रियापद झाल्यावरही ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांनी आपापली दिशा सोडलेली नाही. समजून घेणे, ऐकून घेणे, ओढवून घेणे, आवरून घेणे या सर्वांत ती दिशा कर्त्याकडेच आहे. या घटकाचे सूत्र या एका निरीक्षणात सामावले आहे.

७. रूढ प्रयोग आणि परके प्रयोग

मराठीवरील इंग्रजी वळणाची चर्चा नवी नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिक्षणाबरोबर भाषांतराचे प्रमाण वाढले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्यात मराठीच्या तत्कालीन स्थितीचा विचार आग्रहाने मांडला. तेव्हा मराठीला भाषांतर माणूस करीत होता. आज ते यंत्रही करते. प्रश्न जुना आहे, वेग नवा आहे.

अशा प्रयोगांचे तीन वर्ग करणे उपयुक्त ठरते.

पहिला वर्ग : पूर्ण रूढ प्रयोग. ‘भाग घेणे’, ‘निर्णय घेणे’ हे प्रयोग इंग्रजी शब्दसमूहांशी शब्दशः जुळतात. पण ते मराठीत इतके मुरले आहेत की त्यांना आज परके म्हणणे हट्टीपणाचे होईल. ‘सहभागी होणे’, ‘ठरवणे’ हे पर्याय उपलब्ध आहेत. ते शैलीसाठी वापरावेत, शुद्धीकरणासाठी नव्हे.

दुसरा वर्ग : अर्थ कळतो, पण कानाला खटकते. ‘आंघोळ घेतली’, ‘जेवण घेतले’, ‘विमानाने उड्डाण घेतले’ ही याची उदाहरणे होत. येथे अर्थाची हानी होत नाही. मात्र ‘आंघोळ केली’, ‘जेवलो’, ‘विमानाने उड्डाण केले’ हे अधिक सहज आहे. औपचारिक लेखनात सहज रूप निवडावे. बोलताना कोणी दुसरे रूप वापरले, तर त्याला हसू नये.

तिसरा वर्ग : अर्थ उलटतो किंवा हरवतो. विद्यार्थ्याने ‘परीक्षा घेतली’, यात्रेने ‘जागा घेतली’, आईने मुलाला ‘शाळेत घेतले’ ही उदाहरणे आपण पाहिली. हा वर्ग कोणत्याही लेखनात टाळलाच पाहिजे, कारण त्याचा परिणाम शैलीवर नव्हे, तर माणसांच्या व्यवहारावर होतो.

शुद्धाशुद्धतेच्या चर्चेत सर्व ऊर्जा पहिल्या दोन वर्गांवर खर्च होते आणि तिसरा वर्ग दुर्लक्षित राहतो, असे अनेकदा दिसते. आपण हा क्रम उलटावा.

८. व्याकरणाची दक्षता

योग्य क्रियापद निवडल्यावर प्रयोगही सांभाळावा लागतो. भूतकाळात ‘घेणे’, ‘देणे’, ‘नेणे’, ‘काढणे’ या सकर्मक क्रियापदांच्या तृतीय पुरुषी कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते : तिने रजा घेतली, तिने निर्णय घेतला, तिने औषध घेतले. कर्ती तीच, पण क्रियापदाची रूपे तीन. ‘मी’ या कर्त्याला प्रत्यय दिसत नाही. तरीही क्रियापद कर्मालाच जुळते : मी रजा घेतली, मी निर्णय घेतला.

‘बसणे’ हे अकर्मक आहे. म्हणून ‘ती परीक्षेला बसली’ असे लिहावे. ‘तिने परीक्षेला बसली’ हे अशुद्ध होय. ‘लागणे’ या क्रियापदात अनुभवणाऱ्याला ‘ला’ लागतो : तिला दोन तास लागले, तिला झोप लागली. इंग्रजी वाक्यातील एकाच ‘टेक’साठी मराठीत क्रियापद बदलले, की ‘ने’, ‘ला’ किंवा प्रत्ययाचा अभाव यांपैकी योग्य ते बदलणे अपरिहार्य ठरते.

९. पडताळणीची रीत

इंग्रजीतून आलेला मजकूर मराठीत लिहिताना पुढील चार प्रश्न स्वतःला विचारावेत :

१) वस्तू, व्यक्ती किंवा फळ कोणाकडे जात आहे? कर्त्याकडे येत असेल तरच ‘घेणे’चा विचार करावा.
२) वाक्यातील माणूस ती गोष्ट करतो आहे, की त्याला ती अनुभवास येते आहे? अनुभव असेल तर ‘लागणे’, ‘होणे’, ‘येणे’, ‘पडणे’ यांकडे वळावे.
३) या नामाबरोबर घरात, बाजारात, गावात कोणते क्रियापद बोलले जाते? मजकूर मोठ्याने वाचून पाहावा.
४) इंग्रजी मूळ ठाऊक नसलेल्या वाचकाला या वाक्यातून काय समजेल?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्ज वाचणाऱ्या लिपिकापुढे आपले इंग्रजी नसते. त्याच्यापुढे फक्त मराठी वाक्य असते. आपल्या विद्यार्थिनीने याच चार प्रश्नांच्या आधारे अर्ज माझ्यासमोर पुन्हा लिहिला. त्यासाठी तिला नवा शब्द शिकावा लागला नाही. ‘परीक्षा दिली’ हे ती लहानपणापासून बोलत होती. यंत्राच्या मराठीपुढे स्वतःच्या मराठीवर विश्वास ठेवणे तेवढे बाकी होते. प्रौढ वयात शिकणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असे बोलीतून आलेले, अनुभवाने पारखलेले भांडवल आहे. व्याकरण त्याला नावे देते आणि शिस्त लावते. त्याची जागा घेत नाही.

सारांश

‘टेक’ आणि ‘घेणे’ यांचा मूळ अर्थ जवळचा असला, तरी त्यांचा विस्तार भिन्न आहे. ‘घेणे’त फळ कर्त्याकडे येते, ‘टेक’मध्ये ‘घेणे’ आणि ‘नेणे’ अशा दोन्ही दिशा असतात. वेळ, झोप, खर्च यांसाठी मराठी ‘लागणे’ वापरते आणि अनुभवणाऱ्याला ‘ला’ प्रत्यय लावते. यात्रा भरणे, फोटो काढणे, गृहीत धरणे असे सहसंबंध वहिवाटीने ठरतात. रूढ प्रयोग स्वीकारावेत, खटकणारे प्रयोग औपचारिक लेखनात टाळावेत आणि अर्थ उलटवणारे प्रयोग कटाक्षाने वर्ज्य करावेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) पुढील वाक्ये दुरुस्त करा.
१) परिचारिकेने सर्व विद्यार्थिनींचे फोटो घेतले आणि त्यांना दवाखान्यात घेतले.
२) ग्रामसभेने काल सायंकाळी जागा घेतली.
३) मी हा पाठ वाचायला दोन तास लागलो.

आ) ‘मनावर घेणे’ आणि ‘मनाला लावून घेणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

इ) ‘लिहून घेणे’ आणि ‘लिहून देणे’ यांतील फरक स्पष्ट करा.

उत्तरसूची

अ) १) परिचारिकेने सर्व विद्यार्थिनींचे फोटो काढले आणि त्यांना दवाखान्यात नेले. २) ग्रामसभा काल सायंकाळी झाली. ३) मला हा पाठ वाचायला दोन तास लागले.
आ) विभाग ६ पाहून स्वतःची वाक्ये तयार करा, पहिल्यात निश्चय आणि दुसऱ्यात दुखावल्याची भावना दिसली पाहिजे.
इ) पहिल्यात क्रियेचे फळ कर्त्याकडे येते, दुसऱ्यात ते दुसऱ्या व्यक्तीकडे जाते.

उपक्रम

आपल्या घरी आलेले एखादे मराठी सूचनापत्रक, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर किंवा मोबाइलवरील संदेश निवडा. त्यातील क्रियापदे अधोरेखित करून ती वर सांगितलेल्या तीन वर्गांत विभागा. तिसऱ्या वर्गातील प्रत्येक वाक्य घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा, त्यातून त्यांना काय समजले ते लिहून घ्या आणि मग ते वाक्य सहज मराठीत पुन्हा लिहा. पुढील संपर्कसत्राला येताना हा कागद सोबत आणावा.